कुणाचा हात

"बाई, काडेपेटी मिळेल का?" डॉक्टर नारखेडेंनी विचारलं.

आमच्या ओट्यावर सतरंजी अंथरली होती आणि तिच्यावर ऐंशी टोपडी मांडली होती, मोसंबीएवढ्या डोक्यांची. जळगावच्या एका दवाखान्यात दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं ठेवतात, त्यांच्यासाठी. सगळी सायीच्या रंगाची आणि सगळी सुती, असं आम्ही सांगितलेलं. त्यांतली अकरा सुती नव्हती. ओट्यावर बसलेल्या नऊ बायकांपैकी हे फक्त एकीला ठाऊक होतं, आणि ती एक मीच.

"काडेपेटी कशाला?" मी विचारलं. आवाज नेहमीसारखा निघाला. तीस वर्षं शाळेत शिवणकाम शिकवल्याचा तेवढा फायदा.

डॉक्टर म्हणाल्या, संशय वगैरे काही नाही, दवाखान्याचा नियमच आहे. व्यापारी सुती म्हणून काहीही गळ्यात मारतात, म्हणून आलेल्या मालातल्या चार-पाच वस्तूंच्या धाग्याचं टोक जाळून बघायचं. सिंधू राणे, माझी शेजारीण, लगेच उठली आणि माझ्या देवघरातून काडेपेटी घेऊन आली. माझ्या घरात काय कुठे असतं ते तिला माझ्याहून जास्त माहीत.

पण आधी मागचं सांगायला हवं, म्हणजे मी किती मोठी शहाणी होते ते कळेल. या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली.

सावद्याला आमच्या ओट्यावर दुपारी दोन ते पाच बायका क्रोशाने विणायला बसायच्या. मी निवृत्त झाले तेव्हापासून हा वर्ग चालू होता. सगळ्या मला बाई म्हणायच्या. निम्म्याअधिक माझ्याच शाळेतल्या विद्यार्थिनी. आम्ही लोकरीची टोपडी, मोजे, दुपटी विणत असू. लोकर आपली म्हणायची, मेंढीचा आणि तिचा काडीचा संबंध नव्हता. कारखान्यातलं प्लॅस्टिकच ते. पण स्वस्त, मऊ, हवा तो रंग मिळायचा आणि धुऊन धुऊन विटायचाही नाही. गावात कुणाचाही बाळंतविडा निघाला की त्यात आमचं एखादं तरी टोपडं असायचंच.

आणि माझी एक ख्याती होती. कुठलंही विणलेलं हातात दिलं की कुणाचा हात आहे ते मी सांगायचे. कुणी साखळी घट्ट ओढतं, कुणाचे खांब, म्हणजे उभे टाके, एका बाजूला कलतात, कुणाची पहिली फेरी सैल आणि शेवटची आवळलेली असते. माणूस सही बदलू शकतो, पण विणकामातला हात बदलत नाही. वर्गात नवीन कुणी आलं की सिंधू मुद्दाम पाच-सहा टोपडी मिसळून माझ्यापुढे टाकायची आणि मी एकेक उचलून नावं घ्यायचे. फार आवडायचं मला ते. मी कधी चुकले नाही, आणि कधी चुकत नाही हे चारचौघींत सांगायलाही चुकले नाही.

मग डॉक्टर गार्गी नारखेडे आल्या. तिशीतली मुलगी, बोलायला साधी. त्यांनी परातीत पाणी घेतलं, आमचंच एक गुलाबी दुपटं त्यात खसाखसा चोळलं आणि ते पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर बारीक गुलाबी लव उरली. हे कुजत नाही, त्या म्हणाल्या. दर धुण्याला गटारात जातं, तिथून तापीत, आणि तिथून माशांच्या नि आपल्या पोटात. शिवाय बाळाच्या टाळूला घाम फुटतो तो वेगळाच. त्यांना कापसाच्या धाग्याची टोपडी हवी होती, महिनाभरात ऐंशी.

मी एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. दुसऱ्याच दिवशी मी जाहीर केलं की प्लॅस्टिकची लोकर यापुढे या ओट्यावर चढणार नाही. घरोघरची लोकर गोळा करायला लावली. जाळायची सोय नाही, टाकली तर पुन्हा गटारातच जाणार, म्हणून तिचे चार लोड भरून घेतले.

"बाई, लोकरीने काय घोडं मारलंय तुमचं?" कोकिळा तळेलेने विचारलं. सगळ्या हसल्या. मी नाही हसले.

कोकिळा चाळिशीची, ज्वारीचे पापडासारखे बिबडे करून विकायची. हात चलाख, जीभ त्याहून चलाख. वर्गात माझ्याशी वाद घालणारी ती एकटीच, त्यामुळे माझं तिच्यावर जरा जास्तच लक्ष असायचं. तिचा हात फार सुंदर होता हेही मला माहीत होतं, पण ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

सुताने आम्हाला चांगलंच रडवलं. लोकर ओढली की ताणते आणि सोडली की परत जागेवर येते. सूत कुठलं यायला? ते जड, दोन पदर सुटून सुईच्या टोकात अडकतात. पहिली दहा टोपडी आम्ही नेहमीच्या टाक्यांनी विणली, धुतली आणि सवयीने दोरीवर वाळत टाकली. संध्याकाळी बघतो तर ओल्या सुताच्या वजनाने ती अशी लोंबलेली की सिंधूच्या चौथीतल्या नातीने एक डोक्यावर चढवून दाखवलं आणि ते तिच्या कानांखाली आलं. मग टाके कमी केले, धुतल्यावर खाटेवर पसरून वाळवायला शिकलो, घट्ट ओढायला शिकलो. सुताचं सगळं काम ओढण्यावर आहे. प्रत्येक टाक्याला अंगठ्याने धागा दाबून धरायचा आणि ओढायचा.

तशात एके दिवशी कोकिळाचं सूत संपलं. पुढचं यायला दोन दिवस होते. तिने घरात राहिलेली सायीच्या रंगाची लोकर घेतली आणि टोपड्याच्या शेवटच्या दोन फेऱ्या तिच्यावर पुऱ्या केल्या. मला ते हात लावताच कळलं. मी सगळ्यांच्या देखत ते टोपडं पार पहिल्या साखळीपर्यंत उसवलं आणि गुंडाळी तिच्या मांडीवर ठेवली.

"दोन फेऱ्या काय आणि वीस काय, फसवणूक ती फसवणूकच," मी म्हणाले. "ज्यांना हे जमत नसेल त्यांनी घरी बसावं."

ती उठून गेली. चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी येऊन कोपऱ्यात बसली आणि विणायला लागली. एका शब्दाने बोलली नाही. आपण वर्गाला शिस्त लावली, याचंच मला समाधान.

आणि मग पंधरा दिवसांत माझा उजवा अंगठा गेला.

म्हणजे आधीपासून ठणकत होताच. सुताने त्याला कामातून घालवलं. कपबशी धरवेना, कणीक मळवेना, डब्याचं झाकण निघेना. झाकणं हे उघडून देऊ लागले, हे म्हणजे आमच्या घरचे. त्यांनी विचारलं तर म्हटलं, झाकणंच हल्ली घट्ट येतात. प्रत्येकीच्या वाट्याला आठ-नऊ टोपडी होती. मी मोठेपणाने पंधरा घेतली होती. चार झाली आणि पाचव्याला माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

सांगायचं नाही का मग? आठ बायका होत्या, त्यांनी हसत वाटून घेतलं असतं. पण ज्यांना जमत नसेल त्यांनी घरी बसावं, हे माझेच शब्द. मी गुपचूप भुसावळला गेले. दुकानदाराने दाखवली, अगदी सुतासारखी दिसणारी, चमक नसलेली, सायीच्या रंगाची लोकर. हातात घेतली तर अशी मऊ, की अंगठ्याला कळतही नव्हतं. आठ दिवसांत अकरा टोपडी झाली. विणताना स्वतःला सांगत होते, एवढ्याशा टोपड्यांनी काय होतंय, कुणाला कळतंय. ज्या बाईने दुसरीचं टोपडं दोन फेऱ्यांसाठी उसवलं तीच हे म्हणत होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

तर असा सगळा प्रकार, आणि डॉक्टरांच्या हातात काडेपेटी.

त्यांनी पहिलं टोपडं उचललं, आतलं टोक कातरून चिमट्यात धरलं आणि काडी लावली. सुताने पेट घेतला, समईच्या वातीसारखं शांत जळलं आणि बोटावर चिमूटभर राख राहिली. दुसरंही तसंच. मी मनात म्हणत होते, पुरे, आता पुरे. त्यांनी तिसरं उचललं. ते जळलं नाही, आक्रसलं. वितळून त्याचा काळा टणक मणी झाला आणि ओट्यावर प्लॅस्टिकचा वास सुटला.

 आठच्या आठ जणींनी कोपऱ्यात बघितलं. आठांत मीही होते.

कोकिळाने मान वर केली आणि तिला ते दिसलं.

डॉक्टर भल्या होत्या. म्हणाल्या, एखादं चुकून आलं असेल, हे बाजूला काढू, बाकीचं ठीक आहे. माझा जीव भांड्यात पडायचाच होता, तेवढ्यात सिंधूने विचारलं की समजा असं एखादं गेलंच असतं तर काय बिघडलं असतं.

"आम्ही घालायच्या आधी सगळी उकळतो," डॉक्टर म्हणाल्या. "सूत उकळलं की उलट आवळतं. याचा ताण जातो, ढिलं पडतं. बाहेरून कळत नाही, पण घातल्यावर हळूहळू खाली सरकतं. आमची बाळं हजार-बाराशे ग्रॅमची. नाकावर आलं तर त्यांना ते दूर करता येत नाही."

त्यांनी ते अगदी सहज सांगितलं. मी समोरच्या टोपड्यांकडे बघत होते. माझी दहा त्यांत अजून होती.

"ते टोपडं बाईंकडे द्या," कोकिळा म्हणाली.

डॉक्टरांनी ते माझ्या हातात दिलं. कोकिळा उठून माझ्यासमोर येऊन बसली.

"तुम्ही हात ओळखता ना, बाई? मग सांगा कुणाचा. माझा असला तर मी आत्ताच्या आत्ता उठते आणि पुन्हा या ओट्याची पायरी चढत नाही."

मी टोपडं उलटं केलं. माझाच हात. पहिली फेरी एकसारखी, खांब सरळ, आणि शेवटच्या तीन फेऱ्या किंचित सैल, कारण तिथे अंगठा थकलेला. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी बघता क्षणी नाव घेतलं असतं. मी नुसती बोटं फिरवत बसले. ओळखू येत नाही म्हटलं असतं तर ते पहिल्यांदाच घडलं असतं, आणि सगळ्यांनी समजून घेतलं असतं की बाई कोकिळाची अब्रू झाकतायत. तिचं नाव घेतलं असतं तर कुणी प्रश्नच विचारला नसता. मला त्या घडीला हे दोन्ही सुचलं, खोटं कशाला सांगू. पण डोळ्यांसमोर ते नाक येत होतं, माझ्या नखाएवढं.

"माझा," मी म्हणाले.

आणि गंमत बघा, कुणाचा विश्वासच बसेना. सिंधू तर हसलीच. म्हणाली, बाईंचं मन मोठं, पाठीशी घालतायत तिला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. इतकी वर्षं मी कमावलेलं नाव माझ्याच आड आलं.

कोकिळा मात्र भडकली. "मला कुणाच्या पाठीशी जायचं नाही," ती म्हणाली. "कीव नको मला. खरं सांगा."

मी सुताचा गुंडा आणि क्रोशाची सुई मागून घेतली आणि सगळ्यांसमोर विणायला लागले. पहिली साखळी झाली, दुसरी झाली. तिसरीला अंगठ्यातून कळ अशी गेली की सुई हातातून सुटून सतरंजीवर पडली. मी उचलायला गेले तर ती चिमटीत येईना. दोनदा प्रयत्न केला. मग ओट्यावर कुणी हसलं नाही.

मी पुढे सरकले आणि डाव्या हाताने एकेक टोपडं वेचून काढलं. अकराही वेगळी केली. ओळखायला काय वेळ लागणार?

"सुताने माझा अंगठा गेला," मी म्हणाले. "तुम्हाला सांगायची लाज वाटली म्हणून भुसावळहून लोकर आणली. चार माझी सुती आहेत, ही अकरा नाहीत. कोकिळाचं एकही यांत नाही. आणि कोकिळा, तुला मी त्या दिवशी सगळ्यांत जे बोलले ते मागे घेते."

हे दारात उभे होते, कधी आले होते कोण जाणे. म्हणाले, "सुटलीस बाई एकदाची," आणि आत चहा टाकायला गेले.

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला पाहिजे होतं. तसं काहीच झालं नाही. इतकं मोकळं वाटलं, की भूक लागली. इतके दिवस अन्न गोड लागत नव्हतं हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. चोरी पकडली गेल्याचं सुख असतं हे पासष्टाव्या वर्षी कळलं मला.

डॉक्टरांनी माझा अंगठा दाबून, फिरवून बघितला. सांधा झिजलाय म्हणाल्या, सुई आता बंद. त्यांनी आठ दिवसांची मुदत वाढवून दिली आणि अकरा टोपडी आठ जणींनी वाटून घेतली. उरलेली तीन कोकिळाने न विचारता आपल्याकडे ओढली. त्या दिवशी उरलेली सदुसष्ट टोकंही डॉक्टरांनी एकेक करून जाळून बघितली. सगळी राखच झाली. शेवटचं टोक जळालं तेव्हा आम्ही सगळ्याच सुटकेचा निःश्वास टाकून एकमेकींकडे बघायला लागलो.

पाच वाजता सगळ्या गेल्या. कोकिळा पायरीवर थांबली.

"तुम्ही शब्द मागे घेतले, ते ठीक," ती म्हणाली. "पण चार दिवस मी घरात बसून रडले, बाई. शेजारपाजारच्या विचारायच्या, वर्गाला का जात नाही. ते चार दिवस कसे मागे घेणार?"

 मी म्हटलं, तू सांगशील ते करते.

तिने विचार केला. "वर्ग माझ्याकडे भरवा चार दिवस. तुम्ही या माझ्या घरी. सगळ्या गल्लीने बघू दे."

इतक्या वर्षांत मी कुठल्याच विद्यार्थिनीच्या घरी गेले नव्हते. त्यांनी माझ्या ओट्यावर यायचं, असाच रिवाज. दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी रिकाम्या हातांनी कोकिळाच्या गल्लीत शिरले. तिचं अंगण माझ्या ओट्याच्या दुप्पट, वर शेवग्याची सावली, एका बाजूला खाटांवर बिबडे वाळत घातलेले. तिने मला खुर्ची दिली आणि स्वतः मधोमध बसून सगळ्यांना सूत कसं ओढायचं ते दाखवायला लागली, अंगठ्याऐवजी करंगळीवरून धागा घेऊन, म्हणजे कुणाचा सांधा जाऊ नये. ही युक्ती तिला कधीच सापडली होती. पण कोपऱ्यात गप्प बसलेल्या बाईला विचारणार कोण?

"तुझा हात फार चांगला आहे," मी तिला म्हटलं. सगळ्यांच्या देखत म्हटलं.

"माहितीय मला," ती म्हणाली.

चार दिवस संपले. पाचव्या दिवशी मी परत तिच्याकडेच गेले, आणि बाकीच्याही. ओट्यावर परतायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्याला बारा वर्षं होऊन गेली. आता तिथे बावीस बायका बसतात, सगळ्या सुतावर, आणि काहीजणी केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, धागा मिसळून पिशव्याही करतात. मी दोन ते पाच बसते, चहा पिते, मध्येमध्ये बोलते. सुई धरत नाही.

गेल्या महिन्यात एक नवीन सून आली होती, रावेरकडची. तिच्या पिशवीतलं एक टोपडं तिचं नव्हतं म्हणे, कुणाचं तरी मिसळलं होतं, आणि ती ते हातात घेऊन भांबावून सगळ्यांकडे बघत होती. कोकिळाने विणतानाच हनुवटी माझ्याकडे केली.

"त्या बाईंना दाखव," ती म्हणाली. "कुणाचा हात आहे ते त्या सांगतील. स्वतःचा असला तरी सांगतात."

बावीस जणी हसल्या. सगळ्यांत मोठ्याने मी.